मांजराची अंगाई

पान्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण नळ जोडण्यात उभा जन्म गेलेल्या प्लंबरला खऱ्या नावाने कोण हाक मारतो? असा हा साठीला टेकलेला पान्या गिटार शिकायला निघाला आणि लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत शिकवणाऱ्या मॅडमच्या नाकी नऊ आले.

मॅडम त्याच्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "काका, आधी मांजराची अंगाई घ्या. दोनच कॉर्ड आहेत, चाल संथ आहे. बोटं हलवायला सवड मिळते."

"मला काय पाळण्यात घालताय? मला ते नदीचं गाणं पाहिजे."

नदीच्या गाण्यात सात कॉर्ड, त्यातल्या एका ठिकाणी तर एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या. मॅडमने कपाळाला हात लावला. पण पान्या हट्टाला पेटला होता आणि त्याला कारण होतं. बायकोला त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हेच गाणं गात होती. गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले, पण "फुटक्या भांड्याचा नाद कोणाला ऐकवू?" म्हणत तिने गाणं सोडलं ते सोडलंच. भांडी घासताना गुणगुणणंही गेलं. ते मुकं घर त्याला खायला उठायचं. आपण नदी वाजवली की ती आपसूक गाईल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

मुळात त्याचा हातच अडचणीचा. ढिलं राहिलं की गळतं, हे त्याच्या धंद्याचं पहिलं शास्त्र. तो तार इतकी आवळून दाबायचा की सूर वर चढून बेसूर व्हायचा.

"काका, हा नळाचा नट नाहीये. तार गळत नाही हो. जरा हलक्या हाताने."

पालथ्या घड्यावर पाणी. उन्हाळा सरला, बोटांच्या टोकांना घट्टे पडले, पण नदी काही पहिल्या कडव्याच्या पुढे वाहिना.

शेवटी एका संध्याकाळी त्याने तेवढंच कडवं बायकोसमोर जीव तोडून वाजवलं. तिने उभ्याउभ्याच ऐकलं.

"फार वरची पट्टी आहे हो ती. आता नाही पोचायचे मी तिथे," ती म्हणाली. "कशाला आठवण करून देता?" आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पान्या मॅडमवर चिडला, गिटारवर चिडला, सगळ्यात जास्त स्वतःवर चिडला. करायला गेलो काय आणि झालं काय. गिटार कपाटावर टाकायची असं त्याने ठरवलंच होतं. टाकण्याआधी, जाता जाता, मॅडमला मनातल्या मनात वेडावून दाखवायला म्हणून त्याने मांजराची अंगाई छेडली. असल्या पोरखेळाला जोर कोण लावतो? बोटं सैल पडली आणि सूर पहिल्यांदाच स्वच्छ वाजला.

आतली भांड्यांची खडखड थांबली.

दोन्ही मुलांना झोपवताना तिने ही अंगाई कितीदा म्हटली असेल. गाणं खालच्या पट्टीतलं, ओठांतल्या ओठांत म्हणायचं. आतून आवाज आला, जरा खरखरीत, पण तिचाच. पान्याची बोटं अडकली. दुसरी कॉर्ड काही सापडेना. तिने कॉर्ड बदलायची वाट पाहत ओठांवरचा शब्द ओढून धरला. धरला, धरला, आणि मग ती हात पुसत दारात आली.

"बदला की आता. दम संपला माझा. पहिल्यापासून घ्या."

त्याने पहिल्यापासून घेतलं. या खेपेला बोटं वेळेत पोचली असती. पण तिने तो शब्द पुन्हा ओढून धरावा म्हणून त्याने बोटं वाटेतच थांबवली.

"अहो, दोनच तर कॉर्ड आहेत," ती वैतागली. "तेवढंही जमत नाही?"

"नाही जमत," पान्या म्हणाला. "अजून एकदा घेऊ."