बाटलीतले पांढरे जीव

उषाबाई पाटील कोसाडच्या वसाहतीत राहतात. वीस वर्षं त्यांनी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवल्या. त्यांचा स्थिर हात बघूनच शेजारच्या मनीषाने त्यांना सुरतेतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं; ती तिथेच कामाला होती. तिथे नूतन मॅडम समुद्राच्या शेवाळातल्या बारीक जिवांचा अभ्यास करत होत्या. दर महिन्याला उमरगामच्या किनाऱ्यावरच्या खडकांवरून स्पिरिटमध्ये बुडवलेल्या शेवाळाच्या बाटल्या यायच्या. भिंगाखाली शेवाळ मोकळं करून त्यातले कणीएवढे जीव चिमट्याने निवडायचे, हे उषाबाईंचं काम.

दोन वर्षांत त्यांना बाटलीवरची तारीख न वाचता महिना कळू लागला. पावसाळ्यात जेमतेम दोन-चार जीव. दिवाळीनंतर शेवाळ दाटायचं. पौषात एकेका झुबक्यात शंभराच्या वर, कोळंबीसारखे वाकलेले. माद्यांच्या पोटाखालच्या पिशवीत अंडी. चैत्र लागला की पुन्हा कमी. पण सगळे पांढरेफटक. स्पिरिटमध्ये रंग उतरून जायचा.

“जिवंत असताना कसे दिसतात हो मॅडम?”

“शेवाळासारखेच हिरवे. हातावर घेतले तर टुणकन उडतात. या ना एकदा.”

पण उमरगामला जाणारी मॅडमची जीप पहाटे निघायची आणि घरी सासू अंथरुणाला खिळलेली. नवरा योगराज सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये कामाला. “माले त्या एकदाव जित्ता देखाना शेतस,” असं त्या त्याला भाकरी वाढताना अहिराणीत म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या.

फाल्गुनात सासू गेली. वैशाखात मॅडमची शेवटची फेरी होती.

“आत्ता तिथे काही नसेल, उषाबाई.”

“ठाऊक आहे. मीच तर मोजलेत.”

तरी त्या गेल्या. खडक तापले होते. त्यांवर शेवाळ करपून, उरलेल्या चहापत्तीसारखं चिकटलं होतं. उषाबाईंनी गुडघ्यांवर बसून भेगाभेगा पाहिल्या. काही हललं नाही. त्या महिन्यात काम संपलं आणि मॅडम नोकरीसाठी भावनगरला गेल्या.

पौषात उषाबाई योगराजला घेऊन गाडीने उमरगामला पोचल्या, तर भरती लागलेली. ओहोटीची वेळ मॅडम बघायच्या. ती विचारून निघावं हे त्यांना सुचलंच नव्हतं. खडक पाण्याखाली. पाणी संध्याकाळी उतरेल, असं एका कोळणीने सांगितलं. परतीची गाडी त्याआधीची होती.

दोघं काठावर बसून राहिली. दुपारी एका लाटेबरोबर शेवाळाचा तुटका झुबका वर आला. उषाबाईंनी तो तळहातावर घेतला. त्यातून काहीतरी हिरवं उडालं.

“देखा का?”

“कथा शे?” कुठे ते बघायला योगराज वाकला. तोवर तळहातावर नुसतं पाणी होतं. उषाबाईंनी झुबका अलगद पुन्हा पाण्यात सोडला.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. वापी गेलं. वलसाड गेल्यावर म्हणाल्या, “पोपटी नही हां. मूग भिजाडतस ना, तसा.”