काकूंची वाकडी कुरडई आणि माझं बीपीचं मशीन

यंदाच्या एप्रिलमधली एक सकाळ. शेवगावात, शेजारच्या शांताकाकूंच्या गच्चीवर आम्ही गल्लीतल्या पाचसहा जणी कुरडया घालत होतो. गव्हाचा गरम चीक आणि सोऱ्या काकूंच्या हातात... त्यांच्यासारखी गोल कुरडई गल्लीत कुणाचीच पडत नाही.

त्या दिवशी मात्र एक पार वाकडी पडली. कागद सोडून फरशीवर गेली. "काकू, कुरडई कुठं निघाली, नगरला का?" असं म्हणून मी हसले, सगळ्या हसल्या. काकूही हसल्या... पण अर्ध्याच तोंडाने.

मग त्यांच्या हातून सोऱ्या गळाला.

इथे माझी ओळख करून द्यायला हवी. मी शाळेत बाई आहे. मुलाने पुण्याहून बीपीचं मशीन पाठवलं तेव्हापासून रोज सकाळी अख्खी गल्ली माझ्यापुढे दंड धरते. ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू... उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मीच वर्गात शिकवलंय.

तर मी धावत जाऊन मशीन आणलं. वरचा आकडा दोनशेच्या पुढे! काकूंचा मुलगा संजू टेम्पोची चावी घेऊन तयार उभा होता. मीच त्याला थांबवलं. म्हटलं, आधी बीपी उतरू दे, मग ने. आणि आमच्या ह्यांची बीपीची गोळी आणून काकूंच्या जिभेखाली ठेवली. थोड्या वेळाने वर आणखी अर्धी.

दर दहा मिनिटांनी मी मशीन लावत होते. आकडा खाली येत गेला. "उतरलं बघा!" मी म्हणाले, तेही मोठ्या तोऱ्यात. पण इकडे काकूंची जीभ जड होत चालली होती. शेवटी त्यांना संजूचं नावसुद्धा घेता येईना, तेव्हा आम्ही निघालो. पाऊण तास गेला होता.

नगरच्या हॉस्पिटलात संजू बाहेर कागद भरत होता. काकूंजवळ मी एकटीच. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही गोळी दिली का?

मी म्हणाले, "नाही."

हो... मीच. मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी. पुढच्या पाच मिनिटांत काकूंना स्कॅनला न्यायला निघाले. स्ट्रेचरवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला राहवेना. डॉक्टरांच्या मागे धावले, पर्समधलं गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नंतर शांतपणे समजावलं... मेंदूची नस तुंबली की बीपी पुष्कळदा आपोआप चढतं. शरीर रक्त पुढे रेटायला बघत असतं. अशा वेळी घरच्या घरी ते एकदम उतरवलं, तर मेंदूला जे थोडंफार रक्त मिळत असतं तेही कमी पडू शकतं. उतरवायचं की नाही, किती, हे हॉस्पिटलात तपासूनच ठरतं. "गोळीने किती नुकसान झालं ते सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण वेळ गेला तो गेला."

ते ‘सांगता येणार नाही’ माझ्या मानगुटीवर बसलंय.

काकू वाचल्या. बोलणं अडखळतं, उजवा हात उचलला जात नाही. त्या घरी आल्यावर संजू स्टीलचा डबा घेऊन माझ्या दारात आला. "बाई, तुमी हुत्या म्हनून आई हाय. त्या दिवशीच्या कुरडया हायेत, आईनं दिल्यात."

आणि मी तो डबा घेतला! मान खाली घालून, पण घेतला.

आठ दिवस नीट झोप नाही. शेवटी त्यांच्या घरी जाऊन दोघांनाही सगळं सांगितलं... गोळीचं, थांबवल्याचं, त्या ‘नाही’चं. संजू उठून बाहेर गेला. अजून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचा राग रास्त आहे.

काकू एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "गोळी... तुमी दिली... म्हनून... तोंड उघडलं."

रागाने म्हणाल्या की मायेने, मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

म्हणून हे लिहितेय, लाज वाटत असूनही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली... तर गाडी काढा. तोंडात काही घालू नका, आणि काही दिलंच असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. रोजची बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका, त्या गोळीचा काही दोष नाही. दोष माझा होता.

काल डबा उघडला. सगळ्यात वर ती वाकडी कुरडई होती. तळायला घेतली, तेल तापलं... आणि मी गॅस बंद केला.