निफाडच्या फ्रीजमधल्या दोन कुप्या

नोकरीत शेकडो चोऱ्या हाताळल्या. बहुतेक विसरले. ही एक काही केल्या डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा नाशिकमधल्या एका ठाण्याची प्रभारी होते. दिवाळीचे दिवस, निम्मा स्टाफ बंदोबस्तावर. एका खासगी प्रयोगशाळेची तक्रार आली, फ्रीजमधून दोन कुप्या गेल्या. आत माणसाच्या रक्तातून वेगळं काढलेलं, रक्त गोठवणारं प्रथिन. चिमूटभर पांढरी भुकटी, पण भलती महाग. गुन्हा दाखल केला, पंचनामा केला. फ्रीजचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे चोर आतलाच.

गेटवरच्या रखवालदाराने आमच्या हवालदाराला हळूच सांगितलं, "स्टोअरवाल्या काकांच्या डब्यातून परवा पाणी गळत होतं. एवढ्या थंडीत बर्फ कोण नेतं, साहेब?"

हे काका प्रयोगशाळेचं स्टोअर सांभाळत. पन्नाशीचे, पंचवटीत एका खोलीत एकटे राहणारे. झडतीत काही मिळालं नाही. एक ताट, एक वाटी, भिंतीवर धाकट्या भावाचा हार घातलेला फोटो. त्यांना ठाण्यात आणलं.

"काका, कुणाला विकल्या?" हवालदाराने विचारलं.

"विकल्या नाहीत."

"मग काय, उटण्यात कालवल्या?"

हवालदार स्वतःच हसला. काका म्हणाले, "मला संध्याकाळपुरतं सोडा. मग हवं तर परत आत घाला." कुठे जायचंय, ते मात्र सांगेनात.

दरडावून जे मिळतं ते बहुधा खोटं असतं. मी दरडावणं थांबवलं आणि प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञ बाईंना स्पीकरवर फोन लावला. हा माल कोण विकत घेईल, एवढंच मला विचारायचं होतं.

"घेईल कोण? पण औषध समजून कुणी टोचून घेतलं, तर जीव जाऊ शकतो."

काका ताडकन उठले. "असं कसं, मॅडम? लेबलवर शुद्धता लिहिलीय. औषधापेक्षा जास्त आहे!"

"शुद्ध आहे, काका. निर्जंतुक नाही. ते परीक्षानळीसाठी आहे, माणसासाठी नाही."

काका माझ्याकडे वळले. "गाडी काढा. निफाडला."

पंच सोबत घेऊन निघालो. वाटेत काका बोलले. भावाला रक्त न गोठण्याचा आजार होता, म्हणून ते रक्त गोठवणारं औषध शिरेत टोचायला शिकले. भाऊ गेला. दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खाटेवर त्याच आजाराचा निफाडचा एक जण असायचा, तो मागे राहिला. काका दर आठवड्याला त्याला टोचायला जात. सणाच्या सुट्ट्यांत औषध मिळालं नाही तर, म्हणून कुप्या त्याच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या. सकाळीच त्याचा कोपर फुगल्याचा फोन आला होता.

"मग नाव का सांगितलं नाहीत?"

"त्याचा आजार गावात कुणाला माहीत नाही, मॅडम."

आम्ही फोन लावत राहिलो. तो उचलला जात नव्हता.

द्राक्षबागेच्या कडेला दोन खोल्या, दार नुसतं लोटलेलं. तो खाटेवर पडून होता, कोपर नारळाएवढा. फोन पलीकडे फळीवर वाजत होता. मी आधी फ्रीज उघडला. दोन्ही कुप्या सीलबंद.

"टोचलं नाहीस ना?" काका ओरडले.

"कसं टोचू? मला शीर घावत नाय. तुझीच वाट बघत व्हतो." मग त्याला आमचे गणवेश दिसले. "हे काय रे?"

काकांनी त्याला आधार देऊन उठवलं. त्याला दवाखान्यात पोचवलं, तिथे खरं औषध मिळालं. कुप्या जप्त झाल्या. काकांना अटक झाली, नोकरीही गेली.

दवाखान्यातून सुटल्यावर तो हात गळ्यात बांधून ठाण्यात आला. काका अजून कोठडीत होते. भेटायचंय का, मी विचारलं.

"नको, ताई. मी हितंच बाकावर बसतो जरा. तो आत हे, तेवढं बास."

बराच वेळ बसला, मग एसटी धरायला गेला.

आम्ही त्या दिवशी काकांना उचललं नसतं, तर संध्याकाळी त्यांनीच ते विष टोचलं असतं. पण कुप्यांत खरं औषध असतं, तर काका आमच्या ताब्यात, टोचायला दुसरं कोणी नाही, आणि तो माणूस खाटेवरच संपला असता. यात माझी हुशारी काहीच नव्हती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत अटक केलेल्या प्रत्येकाला मी विचारत आले, आज तुझी वाट कोण बघतंय? बहुतेक जण म्हणत, कोणी नाही. मी तेवढ्यावर सोडत नसे.