ओल्या वाळूवरची चाकोरी

वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मी त्याला जो लोखंडी दांडा लावते, तो आज पुसायला घेतला आणि हाताला ग्रीसचा वास आला. मुलांनो, तो तुमच्या आजोबांच्या जीपचा जुना स्टिअरिंग आर्म, म्हणजे चाकं वळवणारा हात.

वाळूत रुतू नये म्हणून आजोबांनी जीप उंच करून घेतली आणि ती प्रत्येक खड्ड्यात बाजूला ओढू लागली. "वैनी, ही जीप हाय का खेकडा?" शेजारचे होडीवाले धर्मादादा विचारायचे. मी मात्र सांगून टाकलं, तान्ह्या लेकीला, म्हणजे तुमच्या आईला घेऊन मी या गाडीत बसणार नाही.

ती ओढ जावी म्हणून आजोबांनी दोन नवे आर्म पाहिले. वेल्ड केलेला चकचकीत होता. त्यांनी एकसंध घडवलेला, जाडजूड काळा घेतला, तोच हा दांडा. "हा तुटायचा नाही," ते म्हणाले. तो बसवल्यावर, जीप उंच केल्यानं तिरका झालेला स्टिअरिंगचा रॉड पुन्हा आडवा झाला.

ओहोटीला रेवदंड्याच्या ओल्या वाळूवर त्यांनी जीप चालवून दाखवली. लेकीला खांद्याशी धरून मी चाकोरीमागून चालत गेले. वहीत आखाव्यात तशा दोन रेघा होत्या, फक्त एका जागी हलका बाक.

"इथं का वळली?"

"मीच वळवली. खेकडा आडवा आला."

"बघा वैनी," धर्मादादा म्हणाले, "भावाला वाट दिली."

मी हसत लेकीसह जीपमध्ये बसले. तेव्हा मी सरळ रेघा तपासत होते. आता डोळ्यांपुढे येतो, तो तेवढा बाकच.