डावीकडे वळणाऱ्या बाई

बाई कधी उजवीकडे वळत नसत. लालबागला मसाल्याच्या गल्लीत जायचं असलं की उजवीकडची दोन दुकानं ओलांडायची सोडून त्या डावीकडून अख्ख्या इमारतीला वळसा घालून यायच्या. वळताना डावा खांदा खाली आणि उजवा पाय डाव्यावरून पुढे. स्केटिंगची शर्यत डाव्या वळणानेच फिरते, आणि बाईंचा जन्म त्या शर्यतीच्या काठावर गेलेला. गल्लीतल्या मारुतीलाही त्या उलटी प्रदक्षिणा घालत. पुजारी एकदा ओरडलाच. बाई चालता चालता म्हणाल्या, "सगळा गाव त्याला उजवा खांदा दाखवतो. कुणीतरी डावा दाखवायला नको?"

परळला आमच्या मुलींच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या. सिमेंटच्या पटांगणात चाकाच्या स्केट्सवर मुली पळवायच्या. आम्हाला हाक आडनावाने. "ए सावंत!" ऐकलं की माझी पाठ आजही आपोआप सरळ होते. आता मी पन्नाशीला टेकलेय, कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या ऑफिसात बसते आणि मुळातच कमी बोलते. बाईंबद्दल तर चार वर्षं कुणापाशी धड बोललेच नाही. बर्फावरच्या त्यांच्या एकुलत्या एका शर्यतीत मी त्यांना दगा दिला. शाळेतल्या मैत्रिणी हे वाचतील तेव्हा वाचोत.

बाई निवृत्त झाल्या आणि लोअर परळच्या एका मॉलमध्ये बर्फाची रिंक निघाली. पहिल्याच दिवशी बाई पंजाबी ड्रेसवर स्वेटर चढवून, कानटोपी घालून हजर. दारावरचा माणूस म्हणाला, "आंटी, बच्चा लोग के लिए है." बाई म्हणाल्या, "मैं भी किसी का बच्चा है. बाजू हो." आणि गेल्या आत. पहिल्या आठवड्यात त्या इतक्या वेळा आपटल्या की तिथली पोरं त्यांना पाहून आधीच बाजूला व्हायची. बाईंना तेच हवं होतं. "रस्ता मोकळा मिळतो गं," म्हणायच्या.

मग तिथे चाळिशीपुढच्या बायकांची शॉर्ट ट्रॅकची स्प्रिंट जाहीर झाली. छोटं रिंगण, वळणावर रबरी ठोकळे, सगळ्यांनी एकदम सुटायचं आणि आधी पोचेल ती जिंकली. अट एकच, निदान तिघी हव्यात, नाहीतर शर्यत रद्द. बाई एक. दादरची एक दातांची डॉक्टर दुसरी, चांगली काटक बाई. तिसरी कुठून आणायची? बाईंनी मला फोन केला.

"बाई, मला बर्फावर उभंसुद्धा राहता येत नाही."

"म्हणूनच तू. माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यात घाबरट मुलगी तू. घाबरट मुली कुणाच्या आडव्या जात नाहीत."

मी आढेवेढे घेतले तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला. "सावंत, गुडघे बदलायचे ठरलेत माझे. त्यानंतर बर्फ बंद. मुलगी होते तेव्हा वडिलांनी शर्यतीत उतरू दिलं नाही, बाई झाले तेव्हा तुमच्या पदकांच्या पिशव्या धरून उभी राहिले. मला एकदा स्वतः धावायचंय. आणि खोटं कशाला बोलू, जिंकायचंय."

मी हो म्हटलं.

तयारी त्यांच्या खोलीवर. शर्यतीत वाकून बसावं लागतं, तर बाईंनी मला विळीसमोर बसवलं आणि बांगडे कापायला लावले. "ही पोझिशन आपल्याला कुणी शिकवायला नको. आता याच बैठकीत बूड उचल, आणि मासा कापत राहा." माझ्या मांड्या थरथरायच्या, बाई बाजूला चहा पीत शिट्टी मारायच्या. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायचं, "बाई, काय चाललंय?" "ऑलिम्पिक!" आणि ते बांगडे दुपारी त्याच जेवायच्या.

रिंकवर त्यांनी मला सुटायला शिकवलं, डावीकडे वळायला शिकवलं. थांबायला शिकवलं नाही. "थांबायचं कशाला? भोवती गाद्या लावल्यात त्या शोभेला?" मी पडले घाबरट. बाईंच्या नकळत तिथल्या शिकवणाऱ्या मुलीकडून थांबायला शिकून घेतलं. पाय आडवे टाकायचे, स्केट्सची पाती बर्फात रोवायची. मला छान जमायला लागलं होतं. हे बाईंना मी सांगितलं नाही. आवडलं नसतं त्यांना.

शर्यतीच्या दिवशी आम्ही तिघी रेषेवर. पंचाने हात वर केला, आणि बाई कळवळून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची लेस!" डॉक्टरने खाली पाहिलं. तेवढ्यात शिट्टी. बाई पहिल्या वळणाला सगळ्यांच्या पुढे, कानटोपीचा गोंडा उडवत. माझ्या हसण्याने माझाच तोल जात होता. मी सगळ्यात मागे, एका फेरीत सगळं रिंगण बघून घेत चाललेली.

शेवटच्या वळणावर चिडलेल्या डॉक्टरने आतून घुसायचा प्रयत्न केला. दोघींचे पाय अडकले आणि दोघी घसरत गेल्या. डॉक्टर पार गाद्यांत. बाई रेषेच्या अलीकडे, पसरलेल्या. पातं रेषेपार गेलं की झालं. पण गुडघा ऐकेना. त्या कोपरांवर पुढे सरकत होत्या. मी वळणातून बाहेर आले. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"सावंत, थांब! थांब गं!"

मी थांबू शकत होते. पाय आडवे टाकायचे, बस्स. पण समोर कुणीच नव्हतं. शाळेत, ऑफिसात, घरात, माझ्यापुढे कुणीतरी कायम असायचं. त्या एका क्षणी कुणी नव्हतं. मी बाईंच्या बाजूने वळसा घातला आणि रेषा ओलांडली.

"थांबताच आलं नाही, बाई," मी म्हणाले. सगळी रिंक हसली. बाईही हसल्या, जरा उशिरा. पदक एकच होतं, ते मला. बाईंना आणि डॉक्टरला स्टीलचा एकेक डबा.

पुढे सगळ्या परळ-लालबागात बाईंनी ही गोष्ट रंगवून सांगितली. "अगं, हिला थांबायलाच शिकवलं नव्हतं मी! माझंच मला भोवलं!" लोक पोट धरून हसायचे. मी पण हसायचे. चूक त्या स्वतःवर घेत होत्या, आणि मी घेऊ देत होते. हळूहळू मी त्यांच्याकडे जाणंच कमी केलं. गुडघे बदलल्यावर बाई भाच्याकडे कणकवलीला गेल्या, तेव्हा निरोप द्यायला ऑफिसातून सुटी मिळत नाही म्हणाले. सुटी मी मागितलीच नव्हती.

गेल्या दिवाळीत फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं. "बाई, मला थांबता येत होतं."

बाईंनी एवढंच विचारलं.

"पदक कुठाय?"

"कपाटात."

"कुरियर कर. उद्या."

त्यांनी फोन ठेवला. मी पदक पाठवलं. पोचल्याचा फोन नाही. मी केला तर उचलत नाहीत. आपण हे असंच सोसायचं, असं मी स्वतःला बजावून ठेवलं.

परवा भरदुपारी ऑफिसात फोन वाजला. "ए सावंत!" माझी पाठ सरळ.

"आयतं दिलेलं पदक गळ्यात घालून घ्यायला मी काय सत्काराची पाहुणी आहे? इथल्या देवळासमोर वॉकरवाल्या म्हाताऱ्यांची शर्यत लावली. चौघी होतो. पहिल्या नंबराला तुझं ते पदक."

"आणि कोण जिंकलं?"

"मी! दुसरं कोण जिंकणार? आता ते माझं. तुझ्याकडून आलेलं नाही, मी मिळवलेलं."

मला रडू येत होतं, पण बाईंना मी ओळखते. "बाई, खरं सांगा. काही लबाडी?"

"केली तर. मांजरेकरणीच्या वॉकरच्या पायाचा रबर काढून ठेवला होता आदल्या दिवशी. पण मी तुझ्यासारखी झुरत नाही हो बसत. मस्त जेवले आणि झोपले."