पावण्यांना सोडायला

आजींना उभं करायचं होतं आणि आजी उठायला तयार नव्हत्या.

कोल्हापुरातल्या हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात मी नर्स म्हणून लागले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आजी कुरुंदवाडकडच्या एका गावातल्या. गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला होता. ऑपरेशन छान झालं होतं. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकायची, असं ठरलेलं. पण आजी अजून पाठ टेकूनच होत्या. आता बारीक ताप येऊ लागला होता. सकाळी स्टेथोस्कोप लावल्यावर डॉक्टर म्हणाले, "छातीत कफ साचतोय. आज उठवायलाच हवं. नाहीतर न्यूमोनिया, आणि मग आयसीयू."

आजींना मी तीन चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि उशाशी ठेवलं. "नातवाला न्हेते ह्ये. खेळंल."

अकरा वाजता फिजिओथेरपिस्ट आली. ती माझ्याच वयाची, पण आवाज चौपट. "चला आजी, उठायचं!"

"आज नको. दुपारी पावणं येत्यात."

"येऊ देत की. चालताना बघतील तुम्हाला."

"व्हय तर! माणसं कामधंदा सोडून, वडापच्या जीपला लोंबकळत मला बघाय येणार, आन् मी हितं उंडारतीया? काय म्हणतील? हिला झालंय तरी काय म्हणतील."

सून खुर्चीत बसून संत्रं सोलत होती. ती खाली मान घालून हसली. "आत्ती ऐकायच्या न्हाईत."

फिजिओ हात झटकत निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. आमच्याकडे आता प्रत्येक पेशंटला विचारायचं असतं, "तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?" मला तो प्रश्न विचारताना कानाच्या पाळ्या गरम होतात. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात आम्ही तिघंच, तेही हळू बोलणारे. अनोळखी माणसाला एकदम मनातलं कसं विचारायचं? तरी आजींना पहिल्या दिवशी विचारलं होतं. "घरी जायचंय," त्या म्हणाल्या. हे सगळेच म्हणतात. म्हणून मी विचारण्यापेक्षा बघते जास्त.

आणि आदल्या दिवशी मी बघितलं होतं. पाहुणे यायच्या आधी आजींनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली, डोळे अर्धे मिटले. खोकला आला की दाबायच्या. पाहुण्यांनी पलंगाला वेढा घातला, "लई वाळलीस गं आक्का," म्हणून समाधान करून घेतलं. इथपर्यंत ठीक. पण सहाला वॉचमननं भेटीची वेळ संपल्याची शिट्टी फुंकली आणि मंडळी निघाली, तेव्हा आजींनी उशीवरून मान उचलली. शेवटची पाठ दारातून दिसेनाशी होईपर्यंत मान तशीच. मग सुनेवर खेकसल्या, "जा की गं, लिफ्टपतोर सोडून ये. आपल्या घरनं कुणी असं एकटं गेलंय का कधी?"

ते आठवलं, तशी मी मनात वाक्यं जुळवत इन्चार्ज सिस्टरांकडे गेले. "सिस्टर, आजींचं चालणं सहाला घेऊ या का? पाहुणे निघताना. आधी नाही उठणार त्या, पण सोडायला उठतील."

सिस्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दुखण्याचं औषध?"

"साडेपाचला देते. चालेपर्यंत लागू पडेल."

"दे. आणि फिजिओला तूच सांग. मी नाही."

चार वाजता वडापभर माणसं आली. आजी गळ्यापर्यंत चादरीत. आजींच्या थोरल्या जाऊबाई उशाशी बसून कुणाकुणाचा खुबा मोडला आणि त्यातलं कोण कोण गेलं, ते ऐकवत होत्या. सहाला शिट्टी वाजली. मी पलंगाजवळ गेले आणि वाकून म्हणाले, "आजी, पावण्यांना दारापर्यंत सोडायला येताय?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग उठलेल्या पाहुण्यांकडे.

"आन् ह्या अशा केसांनी?"

सुनेनं लगेच कंगवा काढला. फिजिओनं वॉकर आणला. जाऊबाई ओरडल्या, "आगं पडशील! झोप गपगुमान!"

"तू हो म्होरं. तुला वाटंला लावल्याबिगार झोपू व्हय?"

उठताना "आई गं" झालं. उभं राहिल्यावर रंग उतरला. मी कमरेला धरलं. एक पाऊल. मग दुसरं. सगळे पाहुणे आमच्याकडे तोंड करून उलटे चालत होते, आणि शेजारच्या पलंगावरचे पेशंट कोपरावर उठून बघत होते. दार आलं. मी सुटकेचा श्वास सोडला.

पण आपल्याकडे खऱ्या गप्पा दारात सुरू होतात, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

"म्हस कोण पिळतंय आता?" जाऊबाईंनी विचारलं.

"धाकटा. पर लाथा मारती त्येला."

"आमच्या म्हशीचं सांगू का..."

वॉकरवर आजींची बोटं पांढरी पडत चालली होती. गुडघा थरथरायला लागला. फिजिओ खुर्ची आणायला पळाली. म्हैस काही संपेना. माझ्या तोंडून कुठला आवाज निघाला कोण जाणे.

"पावणं, निघा की आता! आजींच्यानं उभं राहवंना झालंय!"

जाऊबाईंनी मला खालीवर न्याहाळलं. "हिला त्वांड हाय व्हय? मी समजत हुते, मुकी हाय." आणि हसत हसत सगळी वरात लिफ्टमध्ये शिरली.

लिफ्टचं दार बंद झालं तसा आजींचा दोन दिवस दाबलेला खोकला सुटला. खुर्चीत बसवून मी पाठ चोळली, ट्रे पुढे धरला. घट्ट, पिवळा, भरपूर कफ पडला. फिजिओ आणि मी एकमेकींकडे बघून अशा खूश झालो, जणू पेढ्यांचा बॉक्सच उघडला.

"काढा आजी, अजून काढा!"

"बेडका बघून हसत्यात! ह्या पोरीस्नी येड लागलंय," आजी धापा टाकत म्हणाल्या.

पलंगावर नेल्यावर बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. आकडा सकाळपेक्षा वर होता. पाठीला स्टेथोस्कोप लावला, तर खरखर होती, पण कमी. मी डॉक्टरांना फोन करायला वळले, तेव्हा मागून आजी सुनेला विचारत होत्या, "उद्या कोण यायचं हाय गं?"

"तुमच्या म्हायेरची समदी, आत्ती."

"मग त्यास्नी लिफ्टपतोर जावं लागंल. माझी दुसरी चप्पल आण, हिचा पट्टा निसटतोय."