संदेशदादाबद्दल विचारलं तेव्हा

संदेशदादानं मला रत्नागिरीत उभं केलं. त्याचं नाव आधी घेतो. पुढचं ऐकल्यावर ते माझ्या तोंडी तुम्हाला बरं वाटणार नाही. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — खोलीवरच्या मित्रांजवळ नाही, गावी आईला फोनवर नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल, तुम्हाला सांगवतंय.

मी परभणीकडचा. दहावी झाली आणि शाळा सुटली. सुटली कसली — मीच सोडली. रस्तारुंदीच्या टोळीबरोबर इकडं आलो. टोळी पुढं गेली आणि मी तापानं फणफणून एका चहाच्या टपरीमागं पडलो. त्या टपरीवर रोज सकाळी कर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्यांची पोरं जमायची, त्यात संदेशदादा. ओळख ना पाळख, त्यानं मला गाडीवर घालून डॉक्टरकडं नेलं. खोली बघून दिली. आणि आपल्या मॅनेजरसमोर जाऊन म्हणाला, "बारावी नाय तर नाय, पोरगा सरळ हाय. माज्या जबाबदारीवर घ्या."

सरळ हाय. बघा.

आमची कंपनी बायकांच्या गटांना कर्ज देते. काम वाडीवाडीत फिरण्याचं. पण निघण्याआधी टपरीवर चार कंपन्यांचे चार रंगांचे शर्ट एकत्र उभे राहायचे आणि एकच विषय चालायचा — कुणाची कंपनी बरी. तुमच्यात पेट्रोल किलोमीटरवर की ठोक? रविवार म्हणजे सुट्टी, की फोन चालू ठेवायची सुट्टी? एकजण म्हणायचा, "आमच्यात बापूस गेला तरी आधी लोकेशन पाठवावं लागतं, मग रडायचं." सगळे हसायचे. आणि शेवटी बोलणं यायचं ते सोनंतारणवाल्या कंपनीवर. तिथं पंख्याखाली बसून काम, रविवारी शटर खाली, आणि मुख्य म्हणजे गावच्या माणसाला गावातच ठेवतात. आमच्यात याच्या उलटं. ओळखीच्या दारात वसुलीला जीभ रेटत नाही म्हणे, म्हणून स्थानिक माणसाची दोन-तीन वर्षांत बाहेर बदली.

मी हसायचो सगळ्यांबरोबर. पण सगळ्या बऱ्या कंपन्यांना बारावी लागते. त्यांची तुलना चालायची, आणि मी कशाची करणार होतो?

दादाचं घर कुवारबावच्या थोडं पुढं. वडलांची एक बाजू लकव्यानं गेलेली. आई अंगानं एवढीशी, तिला ते उचलवत नाहीत. म्हणून दादा रोज दुपारी घरी जायचा, बापाला कुशीवर वळवायचा, पुसायचा, खुर्चीत बसवायचा, आणि आईच्या हातचं जेवून परत फिल्डवर. बदली आली की हे सगळं संपणार होतं, हे त्याला माहीत होतं. मलाही. म्हणून त्यानं सोनंतारणवाल्यांकडं अर्ज टाकला. पहिल्यांदा सांगितलं ते मला.

मला आनंद व्हायला नको होता का?

मी दुपारी एसटीच्या थांब्यावर बसून डबा खायचो. खानावळीची गार पोळी. हा त्याच वेळी घरी पाटावर बसलेला असायचा — हे मी रोज मनात बघायचो. रोज. त्याला आई दुपारीही होती, मला फक्त फोनवर. आता वर पंखाही त्यालाच? रविवारही त्यालाच? ज्यानं मला तापातून उठवलं त्याच्यावर मी असा जळत होतो, आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जाऊन त्याच्या आईनं, काकींनी, माझ्यासाठी मुद्दाम आणवलेल्या ज्वारीची भाकरी खात होतो.

आता एक कामातली गोष्ट सांगतो, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. बाईला कर्ज देण्याआधी आम्ही शेजारी चौकशी करतो. ही चौकशी मला दादानंच शिकवली. म्हणाला, "शेजारी काय बोलतो ते लिहीत बसू नको. बोलायच्या आधी किती थांबतो, ते बघ." वाईट कुणी तोंडानं बोलत नाही. पण चांगल्या माणसाबद्दल विचारलं की उत्तर लगेच येतं. जो थांबला, त्यानं सांगितलं. फॉर्म बाजूला ठेवायचा आणि हसून म्हणायचं, "बरं, समजलं." असे कितीतरी फॉर्म मी बाजूला ठेवलेत.

दादाची मुलाखत चांगली झाली. ओळखीचा माणूस म्हणून कुणाचं तरी नाव द्यायचं होतं. मॅनेजरचं देता येत नव्हतं, त्याला कळलं असतं. "तुजाच नंबर दिलाय रे," दादा म्हणाला. दुसरा कुणाचाच नाही.

फोन आला तेव्हा मी एका वाडीतली बैठक संपवून काजूखाली गाडीला किक मारत होतो. बाईचा आवाज, गोड. मला सर म्हणाली. संदेश तुमच्याबरोबर काम करतात, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल काय सांगाल?

आणि मी थांबलो.

शब्द सापडत नव्हते असं नाही. हो म्हणायला किती वेळ लागतो? मी गाडी स्टँडवर लावली. समोर चिऱ्याच्या गडग्यावर एक कोंबडी चढत होती, ती चढून पलीकडं उतरेपर्यंत मी गप्प होतो. मी काय करतोय ते मला पुरतं कळत होतं. मग म्हणालो, "आहे तसा... चांगला आहे."

"बरं, समजलं," ती म्हणाली.

मी खोटं बोललो नाही — असं बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खोटं बोललो असतो तर निदान एखादा शब्द सापडला असता, ज्याला मी चूक म्हणालो असतो.

दादाला तिकडून पुन्हा फोन आलाच नाही. तो म्हणाला, "माजंच इंग्रजी कच्चं पडलं." मी म्हणालो, "जाऊ दे दादा, ती कंपनी काय एवढी बरी नाही." हे मीच म्हणालो. आवाजही कापला नाही.

पावसाळ्याआधी त्याची चंदगडकडं बदली झाली. आता तो दुसऱ्या शनिवारी येतो. त्याचा भाग मला मिळाला. आणि जाताना त्यानं मलाच सांगितलं, "दुपारी जरा घरी डोकावत जा. आईला बापूस उचलवत नाय." मी जातो. त्यांना वळवतो. त्यांच्या पाठीवर आता जखम झालीय — एका दुपारच्या वळवण्यानं भागत नाही, आणि जे मुलाच्या हाताला कळायचं ते माझ्या हाताला कळत नाही. मग काकी मला पाटावर बसवतात आणि वाढतात. ज्या जेवणावर मी जळत होतो, ते मी जेवतो. काकी म्हणतात, देवानं दुसरा मुलगा दिला. मी मान खाली घालून खातो.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी सांगावं म्हणतो. असे बरेच शनिवार गेले.

दादा, तुझं हे देणं मी फेडीन. कसं ते आज मला माहीत नाही. पण त्याआधी तुझ्यासमोर बसून त्या फोनचं सांगीन, आणि तू काहीही म्हणालास तरी उठून जाणार नाही.